आईचा रकाना

"हलू नका! हललात तर ती आणखी वर चढेल."

चहाच्या झुडपांत कमरेपर्यंत बुडालेला तो तरुण जागच्या जागी थिजला. कयलविळीने पाठीवरची पानांची पिशवी उतरवली, डब्यातली मिठाची पुडी काढली आणि त्याच्या घोट्याला चिकटलेल्या जळवेवर चिमूटभर मीठ टाकलं. जळू गळून पडली. त्याचा चेहरा मात्र पांढराफटक तो पांढराफटकच.

"सरकारी माणूस दिसताय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"जळवा टाळायला पायाला साबण न चोळता या मळ्यात दुसरं कोण शिरणार?"

मागे पानं खुडणाऱ्या बायका खो-खो हसल्या. तो कानापर्यंत लाल झाला. पुरुषमाणूस इतकं मनमोकळं लाजतो हे कयल पहिल्यांदाच पाहत होती… आणि तिला ते आवडलं, उगाच खोटं कशाला बोला!

त्याचं नाव इनियन. कुन्नूरच्या कामगार कचेरीत नवा लागलेला. चहामळ्यांचं किमान वेतन ठरून पाच वर्षं झाली होती. ते नव्याने ठरवायला सरकारने समिती नेमली होती. कामगाराच्या घराला महिन्याला काय काय लागतं, ते विचारत हा स्वारीवर निघाला होता.

संध्याकाळी तो कयलच्या खोलीत आला. तिच्या आईने, रासात्तीअम्माने, सुंठेची कॉफी पुढे केली. त्याने कागद उघडला.

"घरातला कमावता पुरुष?"

"मी."

"म्हणजे… पुरुष?"

"कमावती. पुरुष नाही. दिसत नाही का नीट?"

"दिसतं… चांगलंच दिसतं," तो पुटपुटला आणि त्याने घाईघाईने कागदात डोकं खुपसलं. "खाण्यापिण्याच्या हिशोबाला कुटुंब असं धरतात बघा. कमावता माणूस एक, बायको पॉइंट आठ, दोन मुलं पॉइंट सहा-सहा."

"बायको पॉइंट आठ? मग उरलेल्या बाईला कोण जेवू घालतं? तुमचे साहेब?"

"फार जुना ठराव आहे हो तो."

"आणि माझी आई?"

त्याचं पेन थांबलं. "आईला… रकाना नाही."

कयलचं हसू मावळलं. आजवर तिला तीन स्थळं आली होती. तिघांचं म्हणणं एकच — मुलगी चालेल, आई नको. बत्तीस वर्षं डोंगर चढून अम्माचे गुडघे गेले होते. तिला टाकून कयल कुठे जाणार? लग्नाचा विषय तिने कधीच मनातून काढून टाकला होता.

"तुमचा कागदही मला बघायला आलेल्या मुलांच्याच जातीचा निघाला, सार," ती म्हणाली.

"त्या तंबीला का गं टोचतेस?" अम्मा रागावली; तिच्या लेखी कुठलाही तरुण तंबी, म्हणजे धाकटा भाऊच. "कॉफी तरी पिऊ दे पोराला."

पुढचा महिनाभर तंबी मळ्यात येत राहिला. पायाला साबण चोळून.

"महिन्याला तेल किती लागतं?"

"परवाच विचारलंत की!"

"परवा… घाईत लिहिलं."

बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. कयल वर बघायची नाही. पण तो आला नाही त्या दिवशी तिची पिशवी लवकर भरत नसे.

मग समितीची बैठक भरली. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला कामगार, मध्ये सरकार. बायकांनी कयलला बोलायला पाठवलं होतं.

"कामगार आणि त्याच्या कुटुंबाची गरज बघून किमान वेतन ठरवावं, असं जगातल्या देशांनी मिळून लिहून ठेवलंय म्हणे," ती उभी राहून म्हणाली. "मग माझी आई कुटुंबात नाही का?"

"भावनेवर मजुरी ठरत नसते, बाई," मालकांच्या बाजूचे एक गृहस्थ म्हणाले. "आकडा आहे का?"

तिच्याकडे आकडा नव्हता.

"आहे, सर," मागच्या रांगेतून आवाज आला. इनियन कागदांचा गठ्ठा घेऊन उभा होता. प्रत्येक कागदावर पट्टीने आखलेला एक जादा रकाना. "एकशे ऐंशी घरं. त्यातल्या एकशे बारा घरांत कामगारावर विसंबलेले आई-वडील आहेत."

"हा रकाना वाढवायला कुणी सांगितलं?" त्याच्या साहेबांनी डोळे वटारले.

"कुणी नाही, सर."

अध्यक्षबाईंनी कागद मागून घेतले, बराच वेळ चाळले. "नव्या वेतनाच्या मसुद्यात हे धरा," त्या म्हणाल्या.

बाहेर पायरीवर कयलने त्याला गाठलं. "वेड लागलंय का? नोकरी जाईल ना!"

"मेमो येईल फक्त." त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. "हा… आणखी एक मसुदा आहे. हरकती नोंदवायला दोन महिने मुदत असते."

कागदावर पहिलं नाव रासात्तीअम्माचं होतं — एक. त्याखाली कयलविळी — एक. शेवटी इनियन — पॉइंट आठ.

तिला अक्षरं दिसेनाशी झाली. "मला हरकत आहे," ती कशीबशी म्हणाली.

त्याचा चेहरा पुन्हा पांढराफटक झाला, जळवेच्या दिवशीसारखा. कयलने त्याच्याच खिशातलं पेन घेतलं, पॉइंट आठवर काट मारली आणि शेजारी ठसठशीत एक लिहिला.

"आता घरी चला," ती म्हणाली. "अम्माला वाचता येत नाही. तोंडाने सांगावं लागेल."

तो कानापर्यंत लाल झाला.