कापशीचा उपास

भुलेचा वायू केव्हाच बंद केला होता, तरी कापशी जागी होईना.

कापशी म्हणजे पांढरी उंदरीण, लिंबापेक्षाही हलकी. मोडलेलं हाड लवकर सांधणारा एक लेप शरयूआत्यानं आपल्या प्रयोगशाळेत तयार केला होता. आज भूल देऊन तो कापशीच्या पायात भरला होता. सुट्टीसाठी आलेली आत्याची भाची मैत्रेयी टेबलापाशी श्वास रोखून उभी होती.

“चिमटा, पंजा दाबून बघ,” आत्या म्हणाली.

भूल कितपत आहे ते पाहायला उंदराचा पंजा हलकेच चिमटावा लागतो. ते काम या यंत्रमानवाचं, म्हणून त्याचं नावच चिमटा.

“पाय ओढत नाही. श्वास संथ. अंग गार,” चिमटा म्हणाला.

“वायू पोटात अडकला असेल का गं?” मैत्रेयीनं विचारलं.

“पोटात जातच नाही, बाळा. हे बघ, हा व्हेपोरायझर, भुलेच्या द्रवाची मोजून वाफ करणारं उपकरण. ती वाफ प्राणवायूत मिसळते. आधी तिला बंद पेटीत झोपवलं, मग नाकावर छोटा मुखवटा लावला. वायू फुप्फुसातून आत जातो आणि बराचसा तिथूनच बाहेर पडतो. टोचलेलं औषध काही परत काढता येत नाही. इथं चकती फिरवली की झालं.”

“आणि ही कोळशाची डबी?”

“उरलेली वाफ शोषायला. नाहीतर आपणही पेंगायला लागू.” आत्यानं कापशीखालची उबदार गादी चाचपली. “गादी चालू आहे, प्राणवायू चालू आहे. एव्हाना उठायला हवी होती. चिमटा, शेपटीतून रक्ताचा एक थेंब घे.”

“साखर फार कमी,” चिमटा म्हणाला.

आत्यानं वळून पाहिलं. “रात्री हिच्यापुढं खाणं होतं ना?”

मैत्रेयीचा चेहरा पडला. “मी काढून ठेवलं. टॉन्सिलच्या ऑपरेशनला मलाही उपाशी ठेवलं होतं... आणि आज संकष्टी. गणपतीचं वाहन ना ते! म्हटलं, तिलाही उपास घडेल.”

आत्या रागावली नाही. तिनं साखर घातलेलं कोमट सलाईन कापशीच्या कातडीखाली टोचलं आणि मगच बोलली.

“भुलेत माणसाला उलटी झाली, तर ती श्वासनलिकेत जायची भीती. उंदराला उलटी करताच येत नाही, म्हणून त्याला उपाशी ठेवायची गरज नाही. सांग, बशीतला चहा आधी निवतो की किटलीतला?”

“बशीतला.”

“तसंच छोटं अंग पटकन निवतं. ऊब टिकवायला उंदीर रात्रभर खात असतो. काल हिचं सगळं जेवणच गेलं. अंग गारठलं की श्वास मंदावतो, आणि श्वास मंदावला की वायू निघायलाही वेळ लागतो.”

“मरणार नाही ना गं ती?” मैत्रेयीनं विचारलं.

“देवाचं नाव घे, आणि नजर तिच्या छातीवर ठेव. दोन्ही लागतं.”

छाती वरखाली होत राहिली. हळूहळू वेग वाढला. मग एक मिशी हलली.

“पाय ओढला!” चिमटा म्हणाला. यंत्रमानव ओरडत नाहीत, पण हा ओरडलाच.

कापशी धडपडत उठली. थोड्या वेळानं तिनं पुढच्या दोन्ही पंजांत दाणा धरला.

“आत्या, तूही सकाळपासून उपाशीच आहेस,” मैत्रेयी डोळे पुसत म्हणाली. “तू नाही ना निवणार?”

“मी किटली आहे गं!” आत्या हसली. “आणि मी उपास मनानं धरलाय. कापशीला कुणी विचारलं होतं? चिमटा, यापुढं भुलेआधी उंदरानं खाल्लंय का ते बघायचं. पुढंमागं श्वासावरूनच साखर सांगणारं यंत्र करू. आमची मैत्रेयीच करेल.”

मैत्रेयीनं मात्र तोंडावर हात ठेवला. “आत्या! गणपतीची बाकीची वाहनं!”

ती शेजारच्या खोलीतल्या उंदरांकडं धावली. चिमटा दाण्यांचा डबा घेऊन तिच्यामागं गेला. जरा वेळानं पिंजऱ्यापिंजऱ्यातून कुडुमकुडुम आवाज येऊ लागला, तेव्हा कुठं आत्यानं हातमोजे काढले.