डोकं चेपताना

मी थापा मारतो, असं आमच्या घरात सगळ्यांचं ठाम मत आहे. त्यात तथ्य आहे, नाकारत नाही. पण ज्या कामावर पोट भरलं, त्या कामात थाप चालत नाही. सर्जन बहिऱ्या माणसाच्या कानामागे चिरून आतल्या शंखासारख्या पोकळीत केसाएवढी बारीक तार सरकवतो. हल्ली तर तो हात यंत्राचा असतो, तसूभर थरथरत नाही. जखम भरली की माणूस माझ्याकडे येतो. माईक असलेली चकती लोहचुंबकानं बाहेरून डोक्याला चिकटवायची, तारेत वीज सोडायची आणि संगणकावर एकेक स्वर जुळवत बसायचं. पहिला आवाज ऐकला की बायका रडतात, पुरुष उगाच खोकतात. माझं रोजचंच.

घड्याळजी असाच आला. म्हातारा, पण बोटं नाजूक. तापात कान गेल्याला कित्येक वर्षं झाली होती. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचा. सोबत बायको, हसतमुख.

"ऑपरेशन कशाला करून घेतलंत? टिकटिक ऐकायला?" मी ओठ नीट हलवत विचारलं.

"छे हो साहेब, टिकटिकीचा वीट आलाय. हिच्यासाठी." म्हातारा चक्क लाजला. "रोज संध्याकाळी ही माझ्या मागे बसून डोकं चेपते. चेपताना गुणगुणते काहीतरी. बोटांतून कळतं ना, कवटीत घुमतं. इतकी वर्षं गातेय बिचारी आणि ऐकणारा ठार बहिरा. ते गाणं एकदा ऐकायचंय."

बाईंचं हसू जागच्या जागी राहिलं. फक्त डोळे त्यातून उठून गेले.

मी चकती चिकटवली, वीज सोडली. माईक अजून बंदच होता. घड्याळजीनं एकदम मान तिरकी केली.

"ऐकू येतंय, साहेब! ही म्हणतेय, 'बहिरा झालास ते बरं झालं, मेल्या. आता मोकळेपणी बोलता येईल.'"

बाई तोंड मिटून समोर बसल्या होत्या. माझ्या पडद्यावरची रेघ सपाट होती.

मग माईक सुरू केला, तरी माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचेना. दारावरची टकटक नाही, टाळी नाही. ऐकू यायचं ते फक्त बायकोनं इतकी वर्षं मागे बसून बोललेलं. तेही कान गेल्याच्या पहिल्या संध्याकाळपासून, ओळीनं. मी चकती बदलली, कंपनीचा माणूस बोलावला. तो चहा पिऊन, डोकं खाजवून गेला.

दर भेटीला घड्याळजी ताजी बातमी आणायचा. "गाणं कसलं हो साहेब, शिव्या आहेत! माझ्या ताटात मुद्दाम मीठ जास्त घालायची. मी 'वा' म्हटलं की मागे बसून हसायची." तोही हसला. "आवाज मात्र गोड आहे हं."

बाई समोर असल्या की "अहो, पाणी देऊ का?" म्हणायच्या.

एकदा तो हात धुवायला गेला तेव्हा त्यांनी माझी बाही धरली. "कुठवर आलंय?"

"म्हणजे?"

"सासूबाई पडल्या, तिथवर आलंय का?" त्या दाराकडे बघत होत्या. "बंद करा ते, साहेब. त्यांच्या कानावर ते जाता कामा नये."

मी चकती काढून कपाटात ठेवली. चकतीशिवाय आतली तार म्हणजे मेलेली तार. हे मी थाप म्हणून सांगत नाही.

पुढच्या भेटीला घड्याळजी हसत नव्हता.

"काल आईचं आलं, साहेब. ती मागच्या खोलीत पडली होती. ही माझं डोकं चेपत म्हणत होती, 'म्हातारी हाका मारतेय तुला. कंबर मोडली वाटतं. मारू दे. तुला कुठं ऐकू येतंय!' बोटं इतकी हळुवार, की मला डुलकी लागली होती. आणि हिच्या आवाजामागून, लांबून, आई. 'गुंड्या, अरे गुंड्या.' आम्ही आत गेलो तेव्हा ती गार पडली होती."

"अजून येतंय ऐकू?"

"नाही. संपलं. आता संध्याकाळी मी हिचं डोकं चेपतो." त्यानं बायकोला अलगद पुढं केलं. "हिचे कान बघा जरा. कालपासून काहीतरी होतंय म्हणते."

बाईंना काचेच्या खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं, की माझ्यासमोर दिवा लागतो. जाड दार लावून घेतलं.

मी अजून एकही आवाज सोडला नव्हता.

दिवा लागला.

विझला. लागला.

मी हेडफोनची वायर उपसली. दिवा लागतच राहिला. कुणी हाक मारावी, दम घ्यावा, पुन्हा हाक मारावी, तसा. काचेपलीकडे बाईंचं तोंड सताड उघडं होतं. ती खोलीच अशी बांधलेली, की आतलं बाहेर येत नाही.

मी दाराकडे जायला उठलो. मागून दोन नाजूक हात खांद्यांवर आले, त्यांनी मला खाली बसवलं आणि हळुवार चेपायला लागले.

"बसा, साहेब. आई बराच वेळ हाका मारत होती."