कोल्ड रूममधले दोघे

जिन्यात मॅडमचा आवाज आला आणि तिने हाताशी आलेलं पहिलं दार उघडून आत पाऊल टाकलं. जड दार मागे आपोआप लोटलं गेलं. अंगावर गारठा आला तेव्हा तिला कळलं, आपण कोल्ड रूममध्ये शिरलोय.

“दार नीट ओढून घ्या. थंडी बाहेर जाते.”

कोपऱ्यात पालथ्या क्रेटवर एक जण बसला होता. अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर, मांडीवर पुस्तक. शेजारच्या प्रयोगशाळेतला. साठवणीतले बटाटे कसे सडतात यावर तो पीएच.डी. करत होता, म्हणून सगळे त्याला बटाटेवाला म्हणायचे. तिचं काम दुधावर होतं. गारव्यात ठेवलेलं दूधही का नासतं, हे ती शोधत होती. साहजिकच ती दूधवाली. येताजाता दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, बोलणं मात्र कधी झालं नव्हतं.

“कोणापासून लपताय?” त्याने विचारलं.

“लपत नाहीये. बाटल्या बघायला आलेय.”

“तुमच्या बाटल्या पलीकडच्या फळीवर आहेत. या बाजूला माझे बटाटे.”

ती ओशाळली. बाहेर मॅडम दाराशीच उभ्या राहून फोनवर बोलत होत्या, त्यामुळे निघताही येईना. त्याने वरचा स्वेटर काढून पुढे केला. तिने आधी नको म्हटलं… आणि लगेच घेतला.

मॅडम तिच्या गाइड. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण महिनाअखेरपर्यंत त्यांच्या हातात पडलं नाही, तर तिची नोंदणी रद्द होणार होती. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी मिळत नाही. प्रयोग पूर्ण होते, आकडे हाताशी होते. लिहिणंच होत नव्हतं. सकाळी फाइल उघडायची, एक शब्द बदलायचा, तोच परत आणायचा आणि फाइल बंद करायची. आई फोनवर फक्त “जेवलीस का?” एवढंच विचारायची. किती राहिलं हे आईने विचारणं सोडून दिलंय, याचीच तिला जास्त धास्ती वाटायची. झोपेत दात करकर वाजायचे. वहिनी म्हणाली होती, तुझ्या खोलीत उंदीर झालेत की काय.

हे सगळं तिने त्या अनोळखी माणसाला का सांगितलं, कोण जाणे. त्याने समजूत घातली नाही. नेमकं सापडलंय काय, एवढंच विचारलं.

“म्हणजे… काही विशिष्ट परिस्थितींचा विचार केला असता, असं म्हणता येण्याची शक्यता आहे की कदाचित…”

“बाई, थंडीने मरेन मी. लवकर बोला.”

तिचेही दात वाजत होते. “दूध तापवल्यावर जंतू मरतो,” ती म्हणाली. “पण त्याने आधी सोडलेलं द्रव्य मरत नाही. ते थंडीतही दूध नासवत राहतं.”

त्याने पुस्तक मिटलं. मग म्हणाला, “हेच लिहा ना.”

ती प्रयोगशाळेत गेली आणि बोटं गरम व्हायच्या आत तेवढं लिहून टाकलं. परत वाचलं नाही.

मग तो रिवाजच पडला. दुपारी ती कोल्ड रूममध्ये जायची, उभ्याउभ्या पुढचा भाग सांगायची. गारठ्यात लांबण लावायला जीव धजत नसे. तिला आढेवेढे घ्यायला जमेना आणि पानं वाढू लागली. ती बोलताना तो तिच्या तोंडातून निघणारी वाफ बघत बसायचा. तिने पाहिलं की घाईघाईने बटाटे उलटेपालटे करायचा.

“दूध नासलं की मला आनंद होतो,” ती एकदा म्हणाली. “कोणाला सांगायची सोय नाही.”

“मला सांगा. बटाटा सडला की मी शिट्टी वाजवतो.”

महिना संपत आला आणि शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी क्रेट रिकामं दिसलं. ती थांबली. पाय बधिर झाले तरी थांबली. माणसाची सवय कधी लागते ते कळत नाही, जागा रिकामी झाली की कळतं. तो कंटाळला असेल, सोडून गेला असेल, आपण फार बोललो असू… एकदा सुरू झालं की तिचं मन थांबत नसे.

शेवटी तिने त्याच्या प्रयोगशाळेत जाऊन विचारलं. तिथल्या मुलीने डोकं वर न करता सांगितलं की तो तापाने पडलाय. त्याचे प्रयोग कधीच आटोपले होते. मागच्या पंधरवड्यात कोल्ड रूममध्ये त्याचं काहीही काम नव्हतं. “तरी रोज जाऊन बसायचा त्या थंडीत. त्याला म्हटलं, आता भोग.”

उरलेलं प्रकरण तिने स्वतःच्या टेबलावर, एकटीने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळं वाचलं. ती समोर उभी होती, बसायचं सुचलं नाही. मॅडमनी चष्मा काढला.

“मला वाटलं होतं, तू सोडून दिलंस. विचारायला यायचे, तर तू कुठेच दिसायची नाहीस. विचारलं तर रडशील, म्हणून मलाच भीती वाटायची.” मग त्यांनी चार ठिकाणी खुणा केल्या आणि सही केली.

तिथून ती तडक त्याच्या खोलीवर गेली. नाक लाल, डोळे सुजलेले, गळ्यापर्यंत पांघरूण. ती पुढची खुर्ची ओढून बसली आणि सही झाल्याचं सांगितलं. तो नुसता हसला. ते हसू बघून तिलाच रडू आलं.

“तोंडी परीक्षेला या,” डोळे पुसत ती म्हणाली. “सभागृहात कोणालाही प्रश्न विचारता येतो. फक्त अवघड विचारू नका.”

“माझा एकच आहे. चारचौघांत विचारण्यासारखा नाही.”

“मग… आत्ताच विचारा.”

त्याने रुमालाची घडी घातली, मोडली. घसा साफ केला. इतके दिवस तिला धीर देणाऱ्या माणसाचा चेहरा पार उतरला होता.

“माझ्याबरोबर राहशील? कायमची?”

तिने त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलं होतं. हात तिने तिथेच राहू दिला.

“राहीन,” ती म्हणाली. “आधी औषध घे.”