मोठेबाबांच्या मनगटावरचं घड्याळ

त्या वर्षी विज्ञान प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला होता. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट आपण प्रयोग करून सिद्ध करू शकतो, याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. नववीत होते. घरात नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि तो चालवता येणारी घरात एकटी मीच. तेव्हा मोठेबाबांचं घड्याळ खरं की खोटं हे शोधायचं काम मी स्वतःच अंगावर घेतलं.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, रामदास. १९७८ साली आजोबांचं स्विस घड्याळ घालून ते घरातून निघाले, ते परत आलेच नाहीत. बाबांनी बावीस वर्षं शोधलं. चौक्या, दवाखाने, धर्मशाळा. दर डिसेंबरला पेपरात फोटो. आणि दोन हजार सालच्या फेब्रुवारीत, भर दुपारी, बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात एक वाकलेला माणूस, मनगटावर आजोबांच्या घड्याळासारखं घड्याळ.

"सम्या," तो बाबांना म्हणाला.

बाबा ढसाढसा रडले. आई नाही रडली.

"फोटो पेपरात, नाव पेपरात. कुणीही येईल," ती मला स्वयंपाकघरात म्हणाली. "हा माणूस खोटा निघाला ना मैत्री, तर तुझे बाबा यातून उठायचे नाहीत."

म्हणजे घड्याळ खरं निघायलाच हवं होतं.

मोठेबाबा डावखुरे. जेवण डाव्या हातानं, घड्याळही डाव्याच हातात. माझ्याशी कॅरम खेळायचे आणि असा स्ट्रायकर मारायचे की मी बघतच राहायची. तिसऱ्या दिवशी खेळता खेळता माझ्या लक्षात आलं.

"मोठेबाबा, घड्याळ बंद आहे तुमचं."

"असू दे."

"चावी द्या ना."

"याला चावी देत नाहीत, बाळा. हात हलला की चालतं." असं म्हणून त्यांनी क्वीन घेतली.

दाखवून आणू का विचारलं, तर लगेच काढून दिलं. मी ते मनगटावर चढवलं आणि पीएमटीची बस पकडली. मंडईला उतरून कसब्यात शिरले तोवर घड्याळ टिकटिकायला लागलं होतं.

आजोबा ज्यांच्याकडे दुरुस्तीला जायचे ते दुकान बाबांना नीट आठवत होतं. आता तिथे त्यांचा मुलगा बसायचा, दत्तप्रसादकाका.

"काका, हे खरं आहे का बघायचंय."

"खरंच आहे. मला दिसतंय ना."

"म्हणजे ओरिजिनल आहे का?"

"मग तसं विचारा."

डोळ्याला भिंग लावून ते घड्याळावर वाकले. तबकडी पुन्हा रंगवलेली नव्हती, आकड्यांच्या कडा स्वच्छ होत्या. बाबांनी जपलेल्या गॅरंटी कार्डावरचा नंबर जुळला. मग त्यांनी मागचं झाकण काढून उलटं केलं. आतल्या बाजूला सुईनं कोरलेली बारीक अक्षरं होती.

"दुरुस्ती झाली की आम्ही इथे खूण करतो. गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही, त्यामुळे नकली करणाऱ्याला सुचत नाही. वाचा."

कचरू, ११-७४.

कचरू म्हणजे माझे आजोबा.

"माझ्या वडिलांचं अक्षर," काका म्हणाले. "घड्याळ तुमच्या घरचंच आहे."

मी दुकानातच उडी मारली! मग सहज विचारलं, "पण ते बंद का पडतं?"

"मशीन उत्तम आहे. हे वजन बघा, हात हलला की फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. काढून ठेवलं तर दीड दिवस चालेल, मग थांबेल."

"पण ते काढतच नाहीत. झोपतानासुद्धा."

"मग पेशंट असतील. अंथरुणाला खिळलेले."

"छे हो! कॅरम खेळतात. याच हातानं."

काकांनी झाकण बसवलं. घड्याळ माझ्याकडे सरकवलं आणि फडक्याला बोटं पुसत राहिले.

"घड्याळ खरं आहे, एवढं मी सांगितलं. बाकीचं मला विचारू नका."

घरी मी पहिला अर्धा भागच सांगितला. बाबांनी मला उचलायचाच प्रयत्न केला. त्या रात्री आईनं पहिल्यांदा मोठेबाबांना आग्रह करून वाढलं.

मी मात्र वहीत नोंदी सुरू केल्या. मंगळवारी संध्याकाळी घड्याळ चालू स्थितीत मोठेबाबांच्या हातात. गुरुवारी सकाळी बंद. मग मी मागून घेतलं, दिवसभर घालून चालू केलं, परत दिलं. शनिवारी बंद. मधल्या काळात कॅरमचे एकवीस डाव. मी मोजले होते.

मोठेबाबा समोर बसून माझ्या वहीकडे बघत होते.

"लिही, लिही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ते बाबांना म्हणाले, "सम्या, हात पुढे कर." आणि घड्याळ स्वतःच्या मनगटावरून काढून बाबांच्या डाव्या मनगटावर बांधलं. त्याआधी मी सकाळभर ते घालून हिंडले होते. छान चालू होतं.

"माझा हात हलका झाला बघ," मोठेबाबा म्हणाले.

सोमवारी सकाळी त्यांचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं. चपला नव्हत्या. आई घाबरून खाली धावली, वॉचमनला विचारून आली.

बाबांनी चहा संपवला.

"गेला असेल," म्हणाले.

बावीस वर्षं शोधलेल्या भावासाठी ते उठून गॅलरीतही गेले नाहीत.

बुधवारी सकाळी नेहमीसारखी मी शाळेला जायला स्कूटरवर त्यांच्यामागे बसले. बाबांनी किक मारली. डाव्या हातानं क्लच दाबला, मूठ फिरवून पहिला गिअर टाकला. मग दुसरा. मग तिसरा. रस्त्यात खड्डे होते, सगळा हात हादरत होता.

मी वाकून बघितलं. सेकंद काटा चारच्या आकड्यावर होता. पुढच्या चौकातही चारवरच.

सिग्नलला बाबांनी डावा हात माझ्यासाठी मागे केला. मान वळवली नाही.

"किती वाजले बघ गं. उशीर होतोय का?"

"सव्वातीन," मी म्हणाले. घड्याळात तेवढेच वाजले होते.

समोर सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं. पेपरवाली मुलं अजून फिरत होती.

"मग आहे की वेळ," बाबा म्हणाले.