कोजागिरीचं सीताफळ

बसा रे पोट्टेहो, अन् ते मोबाईल उपडे ठेवा. ही गोष्ट माह्या ओळखीच्या भोजराजची हाय. जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरात राहते, चांगला जित्ता हाय. खोटी वाटली तं त्यालेच विचारा. पण तो सांगणार नाही, खाली मान घालन.

दोन हजार बावीसची कोजागिरी. रविवार होता. भोजराजच्या नव्या साहेबाले, वीरेंद्रसाहेबाले, जंगल पाहायचं होतं. म्हणून दोन्ही घरचे दोन गाड्यांनी टेकडीवरच्या वनउद्यानात फिराले गेले. पाऊसपाणी सरलं होतं, पायवाटेवर सागाची पानं पडली होती. भोजराजसंगं बायको चंद्रकला, पोरगी गुड्डी, अन् करडी गावाहून आलेली त्याची आई, पार्वताबाई. नऊवारी लुगडं, अनवाणी पाय, हातात काडी.

गेटपाशी साहेबाच्या बायकोनं विचारलं, "ये कौन हैं?"

भोजराजच्या प्रमोशनचा कागद साहेबाच्या टेबलावर होता. तोंडातून निघून गेलं, "मावशी हैं. घर का काम देखती हैं."

चंद्रकलेनं डोळे वटारले. आईनं ऐकलं. पदर सावरला अन् चार पावलं मागून चालू लागली. अरे, नऊ महिने पोटात वागवलं जिनं, तिलेच मोलकरीण केलं! जीभ झडावी का नाही?

वाटेत तिले झाडाखाली पिकलेलं सीताफळ सापडलं. भोजराज लहानपणापासून सीताफळावर जीव टाके. "घे बाबू," ती म्हणाली.

साहेब पाहून राहिला होता. भोजराज म्हणाला, "तुम्हीच खा, मावशी."

आईले 'तुम्ही'! अन् तिले साखरेची बिमारी, डॉक्टरनं गोड बंद केलेलं, हे त्याले चांगलं ठाऊक. तिनं ते फळ ओच्यात ठेवलं.

तळ्याअलीकडं तिचे गुडघे भरून आले. तिथं एक बाक होता. भोजराज म्हणाला, "बसा इथंच, आम्ही फेरी मारून येतो." पण साहेब बोलता बोलता सगळ्याइले घेऊन दुसऱ्याच वाटेनं गेटावर उतरला. भोजराजले वाटलं, साहेबाच्या ड्रायव्हरनं आणून आईले त्याइच्या गाडीत बसवलं असन; चंद्रकलेलेही त्यानं तेच सांगतलं. जाऊन विचारायची त्याले लाज वाटली. मोलकरणीची कोण इतकी काळजी करते?

सहा वाजता गेट बंद झालं. जवाहरनगरात उतरल्यावर गुड्डीनं विचारलं, "बाबा, आजी कुठं हाय?"

साहेबाची गाडी रिकामी होती.

भोजराज परत पोचला तवा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. चौकीदारानं गेट उघडलं. हा एकटाच पळत सुटला. पिठासारखं चांदणं. पायाखाली पानं करकर वाजत.

"आई!"

रातकिडेही चूप.

मग तळ्याकडून आवाज आला. आई बोलत होती. हळूहळू... लेकराले निजवताना बोलते तशी. अन् मधामधात कोणीतरी म्हणे, "हो आई."

आवाज... भोजराजचाच.

तो तसाच पुढं सरकला. एक पाऊल. आणखी एक...

बाकावर आई एकटी होती.

"आई, कोण होतं इथं?"

"कोण म्हणजे? तूच न रे. अंधार पडल्यापासून बसून होता. आई, आई करून राहिला होता. आताच उठला, अन्..."

ती थांबली. त्याच्याकडं पाहत राहिली. डोक्यापासून पायापर्यंत.

"तू कोणता होय?"

...

बाकावर तिच्या बाजूले सीताफळाची सालं होती. अन् बिया. ओल्या.

"तू खाल्लं, आई?"

"मले साखर हाय."

भोजराज तिच्या पायावर पडला. लेकरावाणी रडला. दुसऱ्या दिवशी साहेबाच्या दारात उभा राहून सांगतलं, ती माही आई हाय. पण त्या रात्री आईनं त्या बिया पदराच्या गाठीत बांधल्या. तो म्हणाला, "फेकून दे त्या."

"हात नको लावू," आई म्हणाली. "माह्या लेकानं खाल्लेल्या हायेत."

आता करडीच्या घरी देव्हाऱ्याजवळ डबीत ठेवल्या हायेत. सीताफळाची बी दोन दिवसांत वाळून खडखडते, तुमाले ठाऊक हाय. अन् कोजागिऱ्या तं किती झाल्या मधात. परवा भोजराजनं झाकण उघडून मले दाखवलं.

ओल्या हायेत.