दुसऱ्या रांगेचं उत्तर

हे मी कुणाकडून उडत उडत ऐकलेलं नाही. यातल्या दोघी गेल्या, आणि दोघींच्याही तिरडीवर मी या हातांनी फुलं वाहिली. तिसरी आहे. विचारलंत तर ती खरं-खोटं सांगेल. पण विचारू नका. पोर आता कुठे झोपायला लागली आहे.

गेल्या वर्षीचा एप्रिल. शुक्रवार. दुपारचे तीन.

पेडण्याहून मोप्याकडे जाताना पठाराच्या पायथ्याशी आमची वाडी लागते. काजूचे दिवस होते. वाडीभर बोंडूंचा आंबूस वास, आणि जेवून सगळे आडवे झालेले.

सुमंगला मात्र जागी होती.

सुमंगला आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन इथे आलो. बहात्तर वर्षांची झाली तरी मांडावर तिचाच शब्द चाले. मांड म्हणजे पौषात बायका जिथे धालो खेळतात ती जागा. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. पहिली रांग ओळ म्हणते, दुसरी तीच ओळ परत करते. उत्तर आल्याशिवाय पहिलीने पुढे जायचं नाही, आणि सुरू केलेलं गाणं मध्येच टाकायचं नाही. हा आमच्या मांडाचा नेम.

सुमंगलेला एक्केचाळीस गाणी तोंडपाठ. कुणाला शिकवली तर अर्धीच शिकवली.

"मी मेल्यार मांडार म्हजो आवाज वाजूंक जाय," ती म्हणायची. "दुसऱ्या कोणाचो न्हय."

म्हणून तिची नात गौरवी ती गाणी कंप्युटरवर घेणार होती. पोर म्हापशाला कॉलेजात शिकते. आजीचा एक कान गेलेला. आपला आवाज कसा येतो ते गातानाच मोठ्याने ऐकायचं, असा आजीचा हट्ट. म्हणून माइकचा आवाज तिथल्या तिथे स्पीकरातून बाहेर पडेल, अशी गौरवीने जुळणी केली होती.

"शेजारच्या बायकांक आपोवया, आजी? उत्तर कोण दितलें?" गौरवी शेजारणींना बोलवायला निघाली होती.

"दुसरी रांग कित्याक? म्हज्या एकटेचो आवाज घे."

इथेच चुकलं. समोरची रांग रिकामी ठेवून कुणी मांडाचं गाणं सुरू करत नाही.

आणि खोलीही कुठली, तर मधली. त्या घरात तेवढ्याच एका दाराला बाहेरून कडी नाही. कधी काळी होती. सुमंगलेनेच ती उपटून काढली. का, ते पुढे सांगते.

गौरवीने माइकवर बोटाने टिचकी मारली. टक, टक, टक.

स्पीकरातून टक, टक, टक.

"हॅलो, हॅलो." तिचा आवाज आला. जरा उशिराने, पण आला. मग एक कर्कश शीळ घुमली. तिने स्पीकर माइकपासून लांब सरकवले, आवाज कमी केला, आणि शीळ थांबली. वरून विमान गेलं, तेसुद्धा स्पीकरातून घरघरलं.

"आता तू म्हण, आजी."

सुमंगलेने पदर सावरला आणि पहिली ओळ घेतली.

"उगवत्या दिसाक हळद लायली गे..."

स्पीकर गप्प.

गौरवीने वायर काढून परत खुपसली. स्वतः बोलून पाहिलं. आवाज आला. आजी बोलली.

काहीच नाही.

पडद्यावर एक हिरवी पट्टी होती. आवाज झाला की ती चढायची. कावळा ओरडला, चढली. आजीची खुर्ची करकरली, चढली. आजी माइकला ओठ लावून गायली...

पट्टी हलली नाही.

"कंप्युटराक तुजो राग आयला गे, आजी!" गौरवी हसली.

"हांस! दोन पैशांची वस्त, आनी म्हाका वळखना!"

गौरवीने सगळ्या खुणा तपासल्या. दुसरं भोक वापरून पाहिलं. कंप्युटर बंद करून चालू केला.

"आता एकच ओळ म्हण, आनी थांब."

सुमंगलेने ओळ म्हटली आणि थांबली. सवयच ती. उत्तरासाठी थांबायचं.

खोलीत कुणी बोलत नव्हतं. पंखाही बंद होता.

हिरवी पट्टी हळूहळू चढली...

"उगवत्या दिसाक हळद लायली गे..."

"आयलो! आवाज आयलो!" गौरवीने टाळी वाजवली. "उशिरा येता, इतलेंच. कितलो गोड आवाज गे तुजो!"

सुमंगलेने चांगला कान स्पीकरकडे वळवला.

तो तिचा आवाज नव्हता. 'हळद' म्हणताना शेवटी किंचित हेलकावणारा तो आवाज तिने सत्तेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता. मीही नाही.

तो रुक्मिणीचा होता.

रुक्मिणी तिची थोरली जाऊ. ती सगळी गाणी मुळात रुक्मिणीची. तिनेच सुमंगलेला हाताशी धरून शिकवली. त्या वर्षी मार्गशीर्षात डिचोलीच्या खाणीवर ट्रक उलटून रुक्मिणीचा नवरा गेला. पौषात धालो आले. सुमंगला म्हणाली, विधवेची सावली मांडावर नको. पाच दिवस तिने जावेला मधल्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. पहिल्या रांगेतलं रुक्मिणीचं पहिलं स्थान तिला हवं होतं. वाडीतल्या प्रत्येकीला ते माहीत होतं.

मांड घरासमोरच. आम्ही ओळ म्हटली की दुसऱ्या रांगेच्याही आधी कोंडलेल्या खोलीतून उत्तर यायचं.

तिसऱ्या दिवशी उत्तरात ताप आला. चौथ्या दिवशी गाणं थांबलं आणि दार वाजू लागलं. टक, टक, टक.

"सुमे... मातशें उदक दी गे..."

सुमंगला आम्हांला म्हणाली, "आवाज चडयात."

आम्ही चढवला.

पाचव्या दिवसानंतर दार उघडलं. पाण्याचा तांब्या दाराबाहेर भरलेलाच होता. ताप डोक्यात जाऊन रुक्मिणी गेली, असं लोकांना सांगितलं, आणि सुमंगलेने दाराची कडी उपटून टाकली.

सुमंगला खुर्चीवरून उठली. "बंद कर तें."

"कित्याक गे? बरें चल्लां न्हय!"

"बंद कर म्हणटां न्हय!"

गौरवीने माइकची वायर उपटून काढली. ती तिच्या हातात लोंबत होती.

आणि स्पीकरातून...

टक. टक. टक.

गौरवीने वायरीकडे पाहिलं, मग आजीकडे. आजीचा चेहरा बदलला होता. तिने पोरीच्या हातातून वायर ओढून घेतली आणि म्हणाली, "परत लाय. हांव तिका आयकून घेवचें ना."

तेव्हा केलं तेच तिने आताही केलं. ती टकटक बुडावी म्हणून आवाज चढवला. ती ओळ म्हणे, स्पीकर उत्तर देई. एक गाणं संपलं की दुसरं. गौरवी घाबरून "आजी, पुरो गे" म्हणत राहिली. सुमंगला थांबेना. दिवेलागणीपर्यंत एक्केचाळीस गाणी झाली.

फाइल उघडली तेव्हा त्यात एकच आवाज होता. हेलकावणारा.

त्याच संध्याकाळी सुमंगला काठी टेकत माझ्याकडे आली. घशातून नुसती हवा येत होती. हे सगळं तिने मला कानाशी लागून सांगितलं.

"यशोदे," शेवटी म्हणाली, "पयलें गीत कशें गे सुरू जाता?"

मला वाटलं, थट्टा करते.

तिला खरंच आठवत नव्हतं. एकही नाही.

सकाळपर्यंत उरलेली कुजबुजही गेली. डॉक्टरांनी घसा पाहिला, म्हणाले, काहीच दोष नाही. मग ताप चढला. ती खाटेवर पडून राहिली. काही हवं असलं की बोटाने खाटेची फळी वाजवायची.

पाचवा दिवस, बुधवार, दुपार. घरचे कामावर गेलेले. सुमंगला आतल्या खोलीत, आणि गौरवी मधल्या खोलीत फाइल साफ करत बसली होती. गाण्यांच्या मागे काय काय आवाज आले होते, कावळा, विमान, खुर्ची. ती एकेक ऐकून काढून टाकत होती.

टक. टक. टक.

तिला वाटलं, हे फाइलीतलंच. तिने तेवढा तुकडा पुसला आणि परत लावून पाहिलं.

टक... टक...

परत पुसला. अजून येतच होतं. वैतागून तिने गाण्याचा आवाज चढवला.

चार वाजता ती चहा घेऊन आत गेली. पाण्याचा तांब्या खिडकीत होता, भरलेला, हातापासून वीतभर लांब. सुमंगलेचं बोट फळीवर तसंच वाकलेलं.

या पौषात मांडावर तिची आठवण म्हणून फाइल लावली. आजीची इच्छा होती, म्हणून गौरवीने डोळे पुसत लावली. बायका रडल्या. म्हणाल्या, सुमंगलेचा काय आवाज होता! दोन्ही रांगांनी उत्तर दिलं.

मी एकटीच ओळखून होते. त्या चौथ्या दिवशी आवाज चढवणाऱ्यांपैकी आज वाडीत मीच उरले आहे.

मी ओठ मिटून उभी राहिले. पण मांडाचा नेम हाडात मुरलेला. एका ओळीला माझ्या तोंडून उत्तर गेलंच.

डिचोलीला माझी भाची शीतल असते. दर रविवारी मी तिला फोनवर आवाजाचा निरोप पाठवते. गेल्या रविवारी तिचा उलट निरोप आला.

"मावशे, तुजो निरोप रिकामो येता गे. पंख्याचो आवाज येता, कोंबो आरडटा तो येता. तुजो आवाज मात येना. तू कित्याक उलयना? आनी फळयेर बोट कित्याक मारता?"

म्हणून मी हे सांगत बसले नाही. लिहून काढलं.

रोज निजताना पाण्याचा तांब्या उशाशी घेते.

आज सकाळी तो खिडकीत होता.