खुशालरावांची तीनशे झाडं

अमरावतीच्या आमच्या ऑफिसात एसी आहे तो सर्व्हरसाठी, माणसांना पंखा. त्या सकाळी एसी असूनही सर्व्हर तापला होता, आणि अकराला साहेब पाहुण्यांना घेऊन डेमोला येणार होते. डेमो फसला तर बोलणी मी, प्राजक्ता, खाणार.

मोर्शीच्या खुशालरावांच्या संत्राबागेचे ड्रोनने फोटो काढले होते. तीनशे झाडं. मुख्य प्रोग्रॅम प्रत्येक झाडाची फळं मोजायला एकेक चाइल्ड प्रोसेस सोडतो. तो प्रोग्रॅम बंद पडला, पण त्याची पोरं मोकाट धावत सर्व्हर तापवत होती. यजमान निघून गेला तरी पंगत उठेना, तसं. मी बारा नंबरची प्रोसेस मारली, म्हणजे कमांड देऊन बंद केली.

दोन मिनिटांत खुशालरावांचा फोन. झाडांवर तेच नंबर आमच्याच लोकांनी गेरूने टाकले होते.

"म्याडम, बारा नंबराचं झाड वाळलं. आत्ता हिरवंगार होतं."

"बहारासाठी पाणी तोडलंय ना काका? ताण जास्त झाला असेल."

तेरा मारली.

"तेरा बी गेलं. कावून होऊन राहिलं हे?"

योगायोग असेल म्हणून मी मुद्दाम दूरची, दोनशे नऊ मारली. सांगितलं काहीच नाही. पलीकडे ते धावत होते.

"दोनशे नऊ," ते धापा टाकत म्हणाले. "तुमी काही करून राहिल्या का तिकडे? थांबवा न. माह्या मायनं लावले हे झाडं."

पावणेअकरा झाले होते. मला त्या माणसाचा रागच आला. फोन स्पीकरवर टाकला आणि उरलेल्या सगळ्या झाडांवर एकच कमांड चालवली. वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, हलकंही वाटलं.

पलीकडे रडणं.

तरी एक प्रोसेस उरलीच. नंबर तीनशे एक.

मी त्या नंबरचा फोटो उघडला. दोन ओळींच्या मधे, डोक्याला हिरवा दुपट्टा बांधून, ड्रोनकडे बघत खुशालराव उभे होते. प्रोग्रॅमने त्यांनाही झाड धरलं होतं.

"झालं का आता, म्याडम?"

जिन्यावर साहेबांचा आवाज आला.

"एकच राहिलंय, काका," मी म्हणाले, आणि एंटर दाबलं.

साहेब आत आले. सर्व्हरला हात लावून खूश झाले. मग टेबलावरच्या फोनकडे बघून म्हणाले, "लाइनवर कोण आहे?"

मी फोन कानाला लावून पाहिला.

"कोणी नाही, सर."